उशी नाही

दुसऱ्या शनिवारी घाटंजीला दुर्बीण येते,
जीपच्या मागच्या सीटवर, काळ्या पेटीत, वेटोळं घालून.
माझं काम तिला धुणं
आणि पेशंटचं डोकं धरणं, डाव्या कुशीवर.
लाळ गळते तिथे फडकं.

मेहताब मन्सुरी, वय एकसष्ट, धंदा पिंजारी.
रक्त सहा पॉइंट चार.
"दोन महिने झाले, ताई, डांबर जाते खालून.
मले वाटलं जांभळं खाल्ली म्हून.
मंग जांभळाचा हंगामच सरला."

तोंडात प्लास्टिकची कडी अडकवली
तेव्हाही त्याच्या दाढीत कापसाचा एक तंतू होता.
काढणार होते. राहून गेलं.

पडद्यावर जठर, ओलं, घड्याघड्यांचं.
वरच्या अंगाला एक उंचवटा, आवळ्याएवढा.
अस्तर तेच, चकाकी तीच,
फक्त माथ्यावर एक खळगा
आणि खळग्यात वाळलेलं रक्त.
उईके मॅडमनी चिमटा मिटला
आणि मिटलेल्या टोकानं त्याला हलकेच दाबलं.
खचला असता तर चरबी.
खचला नाही. जरासा सरकला.
"उशी नाही," मॅडम म्हणाल्या, स्वतःशीच.

माझ्या तळहाताखाली त्याचं डोकं एकदम जागं झालं.

कडी निघाल्यावर, घसा चोळत, पहिलं वाक्य:
"कोणती उशी, मॅडम?
चाळीस वर्सं उशाच भरून राह्यलो मी."

मॅडमनी केसपेपरच्या पाठीवर पाच रेघा मारल्या.
जठराच्या भिंतीचे थर.
तुकडा तोडला तर हाती वरचं अस्तर येतं, रिपोर्ट चांगला येतो,
आणि गाठ खाली तशीच.
कितव्या थरात, ते इथून दिसत नाही.
तो रेघांकडे बघत राहिला.
"खोळीवरून हात फिरवला का समजते मले
आत गठुडं हाय म्हून.
पन उसवल्याबिगर काढता नाही येत."
"तेच," मॅडम म्हणाल्या.

आधी रक्ताच्या दोन बाटल्या, यवतमाळला.
मग नागपूर. तिथे दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी असते.
पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा,
सतरंजीच्या काठासारखे पट्टे.
गाठ चौथ्यातून उगवलेली, स्नायूच्या.
सुई तिथवर गेली.

रिपोर्ट मॅडमच्या मोबाइलवर आला.
चातीच्या आकाराच्या पेशी.
"चाती? सुताची?" त्यानं फोनवर विचारलं.
आकार तसा, मी म्हटलं, दोन्ही टोकं निमुळती.
"म्हंजे निंघालं कापसाचंच."

नाव ठरायला आणखी अकरा दिवस.
पेशींनी तपकिरी रंग धरला तेव्हा ठरलं.
त्यानं नाव विचारलंच नाही,
पिंजण कधी धरता येईल ते विचारलं.

पोटावर चार भोकं.
जठराची चांदकी गाठीसकट कापली,
पिशवीत घालून, न फोडता, बाहेर.
फुटली तर सरकी सांडल्यासारखं,
कुठे कुठे वेचणार.
पन्नास चौकटींत दुभंगणाऱ्या पेशी दोन.
गोळ्या लागल्या नाहीत. सहा महिन्यांनी स्कॅन.

फेब्रुवारीत तो आला, नंबर न लावता.
"तुमची उशी गोळा झाली, ताई.
त्या दिवशी कानाले टोचत होती."
आणि पिशवीतून काढली नवी,
जाड मांजरपाटाची, कडेला दुहेरी टीप.

कापडाची उशी इथे चालत नाही. पुसता येत नाही, नियम आहे.
त्याला सांगितलं नाही.

ती कपाटात आहे, हातमोज्यांच्या खोक्यामागे.
दुपारी लाइट जाते, पडदा विझतो,
तेव्हा पाच मिनिटं डोकं टेकते.
आधी दाबून बघते.